बारा ते चार दार बंद

कूलरच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर बसून, येणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘कूलर घेऊ नका’ म्हणून सांगणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला. एक-दोन उन्हाळे नाही, माझे केस काळ्याचे पांढरे होईतोवर पाहिला. अन् त्याला ‘ऊठ’ म्हणायची सोय नव्हती. बाकडं त्याचं, बाकड्यामागची भिंत त्याची, अन् माझं दुकान ज्या घरात होतं ते घरही त्याचंच.

सारे त्यांना मालक म्हणायचे. मीही म्हणायचो. ते मला मिस्त्री म्हणायचे, पण म्हणताना तोंड असं करायचे की मिस्त्री म्हणजे काही रोग आहे.

मी मूळचा वरवट बकालचा. चौथीपर्यंत शिकलो. पुढं शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर माझ्या बापाचं अन् मास्तरचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. पण हात चांगला होता. उन्हाळ्यात पत्र्याचे कूलर बनवायचे, पावसाळ्यात फवारणीचे पंप दुरुस्त करायचे, यात सारं आयुष्य काढलं. माझ्या हातचा कूलर गळत नाही. हे मी नाही, लोक सांगतात. मलाही तसंच वाटते.

अन् कूलर विकायला आमच्या शहरासारखं शहर नाही. एका अंगाला सातपुडा, दुसऱ्या अंगाला काळी जमीन, अन् वर ऊन. संग्रामपूर मागं टाकून पुढं आलं की झाडं कमी अन् कापसाच्या जिनिंगची टिनाची छपरं जास्त दिसायला लागतात. मध्यप्रदेशची हद्द इतकी जवळ, की बाजारात अर्धे लोक मराठीत भाव विचारतात अन् अर्धे हिंदीत कमी करतात. इकडचा कापूस तिकडं, तिकडचा गहू इकडं. दोन्ही राज्यांच्या बसा स्टँडवर येऊन ठेपतात. स्टँडच्या बरोबर समोर मालकांचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर. मधे एक लाकडी दार, दाराच्या उजव्या हाताला खिडकी, खिडकीखाली बाकडं, अन् डाव्या हाताला माझं शटर. मे महिन्यात त्या दाराच्या कडीला उघडा हात लावला तर फोड येतो. अशा ठिकाणी कूलरचं दुकान म्हणजे नदीकाठी घाट. पण घाटावर मालक बसलेले.

बसमधून माणूस उतरला, डोळ्यांवर हात धरून इकडंतिकडं पाहायला लागला, की मालक ओळखायचे.

“नवा हाय काय? इकडं ये. सावलीत उभा राह्य.”

माणूस यायचा. न येऊन कुठं जाईल, सावली तेवढीच.

“पानी?” माणूस बाकड्याशेजारच्या माठाकडं पाहायचा.

“पानी मंग. आधी गूळ.”

खिडकीच्या फळीवर गुळाचा डबा ठेवलेला असायचा. उन्हातून आलेल्यानं आधी बसायचं, मग गुळाचा खडा चघळायचा, मग माठातलं पाणी घोट घोट प्यायचं, मग आपलं काम सांगायचं. हा क्रम मोडलेला मालकांना चालत नसे. कोणी घाईत तांब्या तोंडाला लावला की ओरडायचे, “तापल्या तव्यावर पानी वतू नको बे! तवा एकवेळ राह्यते, पोट तडकते.” खंडव्याकडचे व्यापारी यायचे, त्यांना आपल्या हिंदीत सांगायचे, “बैठो शेठ. सौदा भाग के नहीं जाता, आदमी जाता है.” शेठ बसायचे. मी आतून पत्रा ठोकत असायचो अन् मनात म्हणायचो, बसवा, सगळ्यांनाच बसवा, माझ्या दुकानाच्या तोंडापुढं बसवा.

सल्ले त्यांचे पोत्यानं होते. बाजार सकाळीच उरकायचा अन् मिरची सगळ्यात शेवटी घ्यायची, कारण घाम पुसायला हात डोळ्याकडं जातोच, अन् मिरचीचा हात डोळ्याला लागला की मग हद्दीच्या इकडचं दिसत नाही अन् तिकडचंही. दुपट्टा बांधायचा तो डोक्याला नाही, कानाला. ऊन डोक्यातून चढत नाही, कानातून शिरते. रिक्षा करायची ती सावलीत उभी असलेली, मग रिक्षावाला कितीही उर्मट असो. सीटचा चटका उर्मटपणापेक्षा वाईट. हॉटेलात भजे कधीचे म्हणून विचारायचं, अन् कढईकडं न पाहता जो ‘आत्ताचे’ म्हणेल त्याच्याकडून उठून यायचं. धाब्यावर झोपायचं तर पाणी सांज होताच मारून ठेवायचं. अंथरूण टाकताना मारलं तर रात्रभर इडलीसारखं शिजत पडायचं.

अन् खोली भाड्यानं घ्यायची तर भर दुपारी दोनला जाऊन पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहायचा. पण भर दुपारी घराबाहेर पडायचं नाही हाही त्यांचाच कायदा. मी एकदा विचारलं, “मंग भिंतीले हात लावावा कधी मानसानं?”

“म्हनून तं म्हनतो, दुसऱ्याची खोली घेऊ नये. माही घ्यावी.”

आता याला काय म्हणावं.

तर तो कायदा. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, मृग लागेपर्यंत मालकांच्या घराचं दार बारा वाजता बंद व्हायचं ते चारला उघडायचं. नुसती कडी नाही. सागवानाचा मनगटाएवढा जाड अडसर होता, तो आतून घालायचे. मग ना कोणी आत, ना कोणी बाहेर. साक्षात सोयरे आले तरी बाकड्यावर. मालकीण होत्या तोवर त्या खिडकीतून हळूच माफी मागायच्या. त्या गेल्यावर माफीही बंद झाली. असा कायदा काऊन, विचारलं तर दर खेपेला वेगळं कारण. कधी म्हणायचे, उघडं दार दिसलं की माणसाला काम आठवते. कधी म्हणायचे, ऊन पाहुण्यासारखं असते, दार लावलेलं दिसलं की पुढच्या घरी जाते. मी म्हटलं, पुढचं घर म्हणजे माझं दुकान. म्हणाले, “तुह्याजवळ कूलर हायेत ना?”

एकदा पुण्याकडचे एक साहेब इथल्या बँकेत बदलून आले. मालकांची मागची खोली त्यांनी फोनवरच ठरवली होती. आले ते साडेबाराच्या उन्हात, टेम्पोत सामान घेऊन. दाराला धक्का देतात तर दार बंद. खिडकीतून आवाज आला, “सामान सावलीत लावा. गूळ खा.”

“अहो, मी तुमचा भाडेकरू! खोली ठरली आहे आपली!”

“भाडेकरू चारनंतर.”

टेम्पोवाल्यानं सामान उतरवलं अन् निघून गेला. साहेब चार वाजेपर्यंत स्वतःच्या गादीच्या वळकटीवर बसून राहिले. मधे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “हे गृहस्थ जरासे…”

“जरासे नाही साहेब,” मी म्हटलं, “पुरते.”

अन् तेच साहेब पुढं बदली होऊन जाताना रांजण विकत घेऊन गेले. मला म्हणाले, रांजण पुण्यातही मिळतो, पण मालकांनी ठोकून पाहिलेला नाही मिळत. अशी माणसं बिघडवायचे मालक.

माझं दुःख वेगळं होतं. धामणगाव बढ्यासारख्या लांबच्या गावाचं गिऱ्हाईक माझं नाव ऐकून यायचं. मी जाळी दाखवायचो, वाळ्याची ताटी दाखवायचो, पंखा फिरवून दाखवायचो. गिऱ्हाईक खुश. खिशाकडं हात जाणार, तेवढ्यात बाकड्यावरून प्रश्न, “तुमच्या गावात नळ कधी येते?”

“चवथ्या-पाचव्या रोजी येते जी.”

“मंग हे यंत्र रोज चार घागरी पानी हवेत उडवते, ते कुठून आनसान? बायकोच्या डोक्शावरून?”

गिऱ्हाइकाचा हात खिशातून रिकामा बाहेर यायचा. मी बाहेर येऊन भांडायचो. “मालक, तुमी माह्या पोटावर पाय देऊन राह्यले.”

“पोटावर नाही, पान्यावर हात ठेवून राह्यलो. गिलासभर पान्यानं मानूस जगते अन् तुहा कूलर रांजन पिऊन ढेकर देत नाही.”

“मंग दुकान काऊन देलं मले?”

“दुकान देलं. अक्कल कुठून देऊ?”

घरी येऊन बायकोला सांगितलं की ती म्हणायची, “सोडा न मंग ते दुकान. रोज काऊन जाता भांडाले?” स्टँडसमोरची जागा सोडून कुठं जाता येते? बायकांना धंदा समजत नाही.

मालकांचा एकुलता एक मुलगा इंदूरला नोकरीला. पोरगा चांगला, बोलायला मऊ, पण ठरवलं की ठरवलं. तेवढं बापाचं आलं होतं. एका उन्हाळ्यात मालकांना घरात चक्कर आली, अन् ते त्याला कोण्या व्यापाऱ्याकडून कळलं. पुढच्या आखाजीला तो आला, बापाशी काय बोलला ठाऊक नाही, पण जाताना माझ्या दुकानात शिरला.

“काका, बाबांचं वय झालं. या उन्हात एकटं ठेवायची माझी हिंमत नाही. त्यांच्या खोलीत कूलर लावा, पैसे मी देतो. मे महिन्यात मी येऊन पाहणार. खोलीत कूलर चालू दिसला तर राहू देतो. नाही दिसला तर घेऊन जातो अन् घर विकून टाकतो.”

“घर इकलं तं माहं दुकान?”

त्यानं मान खाली घातली. “तुम्हाला दिवाळीपर्यंत वेळ देईन, काका.”

म्हणजे पाहा. जो माणूस जन्मभर कूलरच्या विरोधात बाकड्यावर बसला, त्याच्या खोलीत कूलर लावायचा, अन् नाही लावला तर त्याचं घर जाणार अन् माझं दुकान. या वयात मी शटर कुठं हलवू? अन् बाकडं रिकामं झालं तर दुकानासमोर कसं दिसेल, हे त्या वेळी मी कोणाला बोललो नाही, आताही बोलत नाही.

मी माझ्या हातचा सगळ्यात चांगला कूलर काढला. दाट जाळी, नवा वाळा, आवाज असा की मांजर घोरावं. मालकांना सांगितलं, “हे पाहा, तुमच्या पोराचं म्हननं हाय. कूलर नाही तं इंदूर.”

मालक खूप वेळ गूळ चघळत बसले. मग म्हणाले, “लाव.”

मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

बाकडं थोडं पुढं सरकवून खिडकीच्या बाहेर लोखंडी घोडी ठेवली, तिच्यावर कूलर बसवला, तोंड आत खोलीकडं. बटण दाबलं. पडदा हलला. मालक म्हणाले, “बरं हाय.” मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की मालकांना जिंकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहतो तर खिडकीबाहेर नुसती जागा. मालकांनी बाजारातले दोन हमाल बोलावून घोडी-कूलर सगळं उचलून आत नेलं होतं, अन् तोंड रस्त्याकडं फिरवून खिडकीत बसवलं होतं. कूलर जोरात चालू. हवा सगळी बाकड्यावर. बाकड्यावर मावत नव्हते इतके लोक. एक म्हातारा तर पागोटं सोडून केस वाळवत बसला होता.

“मालक, हे काय करून ठेवलं?”

“कूलर लावला.”

“तोंड बाहीर हाय त्याचं!”

“तोंड कोनीकडं कराचं ते पोरानं नाही सांगतलं. खोलीत कूलर चालू दिसला पाह्यजे, एवढंच बोलला. खोलीत हाय ना? चालू हाय ना? दिसून राह्यला ना?”

“अन् तुमाले हवा?”

“एकट्या बुढ्यासाठी चार घागरी पानी उडवू काय बे? उडवाचंच हाय तं धा मानसाईले लागू दे.”

मी माणसं आणली अन् कूलर परत बाहेर घेऊन तोंड आत केलं. दुसऱ्या दिवशी हमालांनी परत फिरवलं. मी परत आत केलं. हमाल मला म्हणाले, “मिस्त्री, तुमचं दोघाचं ठरवून घ्या, आमची कंबर चाल्ली.” पण मालक त्यांना गूळपाणी देत अन् मी शिव्या देत असे, त्यांनी कोणाचं ऐकायचं ते उघडच होतं. शेवटी पोरानं यायचा दिवस फोनवर कळवला, तसं मी ठरवलं की त्या दिवशी सकाळीच येऊन तोंड आत करू, मग मालकांना काय बोंबलायचं ते बोंबलू दे.

अन् त्याच दिवशी संग्रामपूरचा एक शेतकरी फवारणीचा पंप घेऊन बसला. जुना वॉशर निघता निघेना. मी हात पुसून उठलो तोवर आतून खड्ड् आवाज आला. अडसर पडला. बारा वाजले होते.

मी दार बडवलं. “मालक, आज पोरगा येऊन राह्यला! दार उघडा, कूलर फिरवू द्या!”

कूलरनं खिडकीचा खालचा भाग अडवला होता, वरच्या फटीतून आवाज आला, “चारले.”

“तो चारच्या आधी येईन!”

“मंग तोबी चारले.”

मालकाच्या कायद्याला पोरगा नाही, बायको नाही, देव नाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

तो एकच्या सुमारास आला. थंड हवेची गाडी, काचा बंद. गाडीचं दार उघडायला हात घातला तसा खिडकीतून आवाज, “उतरू नको! आधी काच खाली कर! थंड्यातून एकदम उन्हात पाय टाकाचा नाही!”

बाकड्यावरचे लोक हसले. पोरगा लाल झाला. पण काच खाली केली. थोडं थांबून उतरला, खिडकीसमोर आला, अन् कूलरची सगळी हवा त्याच्या छातीवर. तो कूलरकडं पाहात राहिला, मग माझ्याकडं.

“काका, हे उलटं का आहे?”

“माह्याकडून सुलटंच होतं बाबू,” मी म्हटलं. “तुह्या बापाले विचार.”

“बाबा, दार उघडा.”

“चारले.”

“मी तुम्हाला घ्यायला आलोय. कळलं ना? हा कूलर मी धरत नाही.”

“नेजो. चारले नेजो. बस तोवर. गूळ खाय.”

बाकड्यावर एक बाई बसली होती, मिरचीचं पोतं पायाशी धरून, बऱ्हाणपूरच्या बसची वाट पाहात. ती सरकून पोराला जागा देत म्हणाली, “बस बाप्पा. थो बुढा काही दार उघडत नाही. मी दर सालाची पाहून राह्यली. पन हवा मस्त सोडली यंदा.”

पोरगा बसला. काय करेल? सुटाची पॅन्ट घालून मिरचीच्या पोत्याशेजारी बसला, अन् आमचं भांडण सुरू झालं. तो म्हणे तुम्ही लक्ष द्यायला पाहिजे होतं. मी म्हटलं, लक्ष? जन्मभर दिलं, तुझ्या बापानं माझी गिऱ्हाइकं मोजून उठवली तरी लक्ष देत राहिलो. मधूनमधून खिडकीतून मालक बोलतच होते. पोराला म्हणाले, मोजे काढ. बाईला म्हणाले, मिरचीचं पोतं वाऱ्याच्या तोंडी ठेवू नको, सगळे शिंकतील. मला म्हणाले, मिस्त्री, आवाज कमी कर, भांडणानंही ऊन लागते.

मग बाईची बस लागल्याचं कोणी ओरडलं. ती धडपडत उठली, माठातून तांब्या भरून घेतला अन् उभ्याउभ्या गटागटा पिऊन टाकला. ना बसली, ना गूळ खाल्ला.

मी पोराला काहीतरी बोलत होतो ते तोंडातच राहिलं.

खिडकीतून ओरडा आला नव्हता.

बाईही थांबली. तिनंही ते ओळखलं. तांब्या हातात धरून खिडकीकडं पाहात म्हणाली, “बुढा बोलला नाही?”

मी फटीला तोंड लावलं. “मालक!” काही नाही. “मालक, हे बाई गूळ खाल्ल्याबिगर पानी पेली!” तरी काही नाही.

दार तोडायचं म्हटलं तर सागवानाचा अडसर. पण खिडकीतला कूलर माझ्या हातचा होता, त्याचे नट कुठं आहेत ते मला माहीत होते. पाना लावून खोलायला वेळ नव्हता. पोरानं एका अंगानं धरलं, मी दुसऱ्या अंगानं, ओढला तो पाण्यासकट बाहेर आला, माझ्या पायावर अर्ध्या टाकीचं पाणी सांडलं. त्या भोकातून मी आत गेलो. माझ्या वयाचा माणूस खिडकीतून आत कसा जातो ते मला विचारू नका, मी गेलो.

आत भट्टी होती. कूलर खोलीतली हवा बाहेर फेकत होता अन् धाब्याखालची सारी झळ फटीफटीतून आत ओढत होता. मालक दाराशी पडले होते. अंग तापलेलं, जीभ कोरडी. गुळाच्या डब्याचं झाकण हातात. लोकांना पाणी पाजता पाजता स्वतः प्यायचं राहिलं होतं बहुतेक.

अडसर काढायचं मला सुचलंच नाही, मी त्यांना खिडकीतूनच बाहेर दिलं, पोरानं खांद्यावर घेतलं. बाकडं रिकामं झालं. बाईची बस निघून गेली, ती गेली नाही. पोत्यातून नाही, पिशवीतून कांदा काढला, दगडानं ठेचला अन् मालकांच्या तळपायाला चोळायला लागली. मी ओला दुपट्टा डोक्यावर, कानावर गुंडाळला. कूलर रस्त्यावरच मांडून, दुकानातून वायर ओढून चालू केला, टाकीत उरलं होतं तेवढ्या पाण्यावर. पोरगा नुसतं “बाबा, बाबा” करत होता. गाडी चालू करून थंड केली अन् दवाखान्यात न्यायला त्यांना उचलणार, तोच त्यांनी डोळे उघडले.

माझ्याकडं पाहिलं. घड्याळाकडं नाही, पोराकडं नाही.

“दार… कोनं उघडलं बे?”

“कोनीच नाही. खिडकीतून काढलं तुमाले.”

“मंग ठीक.” अन् डोळे मिटून घेतले.

दवाखान्यात सलाइन लागली. डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलं. मालक बरे झाले तसे एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पोरानं त्यांना इंदूरला नेलं. मालकांनी एका शब्दानं विरोध केला नाही, अन् हेच मला सगळ्यात वाईट वाटलं. भांडले असते तर बरं झालं असतं. फक्त गाडीत बसताना हटून बसले की अडसर सोबत पाहिजे. पोरगा म्हणे, फ्लॅटमध्ये कुठं लावणार? म्हणाले, कुठं लावू नको, पण इथं नको. सागवानाचा तो दांडका गाडीत मावेना. शेवटी पुढच्या दोन सीटांच्या मधून मागच्या काचेपर्यंत घातला, अन् बापलेक त्याच्या दोन बाजूंना बसून गेले.

किल्ली माझ्याकडं. दिवाळीपर्यंत दुकान माझं.

वाटलं होतं, चला, धंदा तरी मोकळा झाला. पण लोकांनी जीव खाल्ला. बसमधून उतरले की बाकड्यावर येऊन बसायचे अन् खिडकीकडं पाहायचे. “आज हवा नाही काय हो?” जणू नळाला पाणी नाही. मी दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी कूलर परत खिडकीत बसवला, तोंड रस्त्याकडं, वायर माझ्या दुकानातून. गुळाचा डबाही फळीवर ठेवला, नाहीतर ते तेवढ्यासाठी विचारत राहायचे. मी कोणाला सल्ला दिला नाही. ज्याला उभ्यानं पाणी प्यायचं त्यानं प्यावं, माझं काय जाते.

मृग लागायला थोडे दिवस होते. ऊन मरता मरता जास्त तापते, तसं तापलं होतं. एक गिऱ्हाईक आलं होतं, मोठा कूलर पाहात होतं, माणूस पैशाचा दिसत होता. स्टँडवर इंदूरची बस लागली. सहज नजर गेली तर बसच्या दारातून आधी एक लाकडी दांडका बाहेर आला. लांबच लांब. त्याच्यामागून कंडक्टरच्या शिव्या. त्याच्यामागून मालक.

रस्ता ओलांडून आले. कानाला दुपट्टा, काखेत अडसर. अंगानं उतरले होते, पण चाल तीच.

“मालक! पोराले सांगून आले काय?”

“सांगतलं.”

“मंग?”

“नाही म्हनला. मंग म्हनलं, तुह्या घराच्या दाराले बटन हाय, अडसर लावाले जागा नाही, मी झोपू कसा? तो म्हने उद्या बोलू. मी सकाळची गाडी धरली.” दम घेतला. “फोन करजो त्याले. म्हनाव बुढा पोचला. अन् हेबी सांगजो, का रातच्याले कूलरचं तोंड आत करीन म्हनते. रातीपुरतं. दिवसा नाही.”

“हे अक्कल आधी सुचली असती तं—”

“वाजले किती?”

“साडेबारा.”

मी किल्ली काढली. “थांबा, दार उघडतो. आत पडा घडीभर.”

“उघडू नको.” अडसर मांडीवर आडवा घेऊन ते बाकड्यावर बसले, स्वतःच्या घरासमोर, उन्हातून आलेल्या पाहुण्यासारखे. “चारले.”

पोरानं पुढं घर विकलं नाही. दिवाळी आली अन् गेली. मालकांनी त्या खोलीत आणखी काही उन्हाळे काढले, रात्री हवा आत, दिवसा बाहेर, अन् दिवसातून दोनदा कूलर फिरवायला मी. जन्मभर उन्हाची तयारी केली त्या माणसानं, अन् गेले ते पौषातल्या थंडीत, पांघरूण कमी पडून. थंडीचं मात्र काही सांगून गेले नाहीत.

पण इंदूरहून परत आले त्या दिवशी मी त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. त्यांनी तो सावकाश चघळला, मग पाणी घोट घोट प्यायले. तांब्या खाली ठेवला, हवेकडं तोंड केलं, अन् माझ्या दुकानात कूलरवर हात ठेवून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडं नजर गेली.

“काऊन हो भाऊ,” मालक म्हणाले, “तुमच्या गावात नळ कधी येते?”

गिऱ्हाईक गेलं.